देओलिंदाचा हातगुण

करापेग्वा गावच्या बाजारात दोन्या देओलिंदाला, म्हणजे देओलिंदाबाईला, कोणी विचारलं, "काय, बरं आहे ना?" की ती उखळातून मान वर न करता म्हणायची, "समोरची अजून उभी आहे. ती आडवी होईपर्यंत मला बरं राहणं भाग आहे."

समोरची म्हणजे पोलिकार्पा. बाजाराच्या मोठ्या फाटकाशी, जिथून अख्ख्या गावाचा पाय पडतो, तिथे तिचं औषधी पाल्याचं टेबल. आणि रस्त्याच्या अलीकडे, बसथांब्याच्या पत्र्याखाली, धूर आणि धूळ खात देओलिंदाचं. दोघींच्या मध्ये एक रस्ता, त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या, मोटारसायकली, क्वचित एखादी बैलगाडी. बस थांबली की देओलिंदाला समोरचं दिसेनासं व्हायचं आणि तेवढा वेळ तिचा जीव कासावीस व्हायचा. द्वेष करायचा तर माणूस डोळ्यांसमोर हवं. नवऱ्याला सुद्धा तिने कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

ते फाटक आधी देओलिंदाचं होतं, तिच्याआधी तिच्या आईचं. पाला कुटून विकणाऱ्या बायका आमच्याकडे पायलीच्या पन्नास. पण दक्षिणेचा गार वारा सुटला आणि घरोघरची पोरं शिंकायला लागली, की आया पोराला पोंचोत गुंडाळून थेट देओलिंदाकडे यायच्या. ती आधी काही विचारायची नाही. पोराला आपल्या टेबलाच्या कडेवर बसवायची, त्याच्या हातात चघळायला बडीशेपेची काडी द्यायची आणि आईशी भलत्याच गोष्टी बोलत त्याचा खोकला ऐकायची. मग म्हणायची, "हा नुसता नाकातला आहे, घरी जा, नाक पूस आणि झोपव." किंवा, "ह्याला छातीला चोळ. कोंबडीची चरबी कोमट कर, जास्त नको, नाहीतर त्याचं सार करशील." किंवा, एखाद्या पोराला नुसतं बघूनच, "इथे काय आणलंस बये? ह्याच्या बरगड्या कशा आत जातायत बघ. आरोग्यकेंद्रात पळ. माझा पाला कुठे पळून जात नाही." तिचा हातगुण होता, आणि गावाला तो ठाऊक होता.

तिचा खोकल्याचा काढा म्हणजे आंबाय नावाच्या झाडाच्या पानांचा. वरून हिरवी, खालून चांदीसारखी अशी पंजाएवढी पानं ती स्वतः ओढ्याकाठून तोडून आणायची, वाळवायची, चिरायची. भांड्यात साखर टाकून तिच्यावर चुलीतला धगधगता निखारा सोडायची. साखर चरचरून काळी-तांबडी झाली, तिखट-गोड धूर डोळ्यांत गेला, की वरून पाला आणि पाणी. पोरं त्या वासावरच अर्धी बरी होतात असं ती म्हणायची. गाळून बाटल्या भरायची आणि गळ्याला दोरा बांधायची. लाल दोरा मोठ्या पोरांचा, त्यात रानमध. पांढरा दोरा अंगावरच्या पोरांचा, त्यात मधाचा थेंबही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध विष होऊ शकतो, हे तिच्या आईने तिला अक्षरं शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

आणि पोलिकार्पा? ती देओलिंदाची लहानपणापासूनची मैत्रीण. नवरा सोडून गेला तेव्हा कडेवर पोर घेऊन रडत आली. देओलिंदाने आपल्या टेबलाचा एक कोपरा मोकळा करून दिला, उखळ दिलं, कुठला पाला कशाला ते शिकवलं. वर तिच्या त्या पोराच्या, आर्सेनियोच्या, बाप्तिस्म्याला धर्मआई म्हणून उभी राहिली. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कुमा' म्हणायच्या. पोराची आई आणि पोराची धर्मआई, म्हणजे बहिणीहून जवळचं नातं. हाताला धरून ओसरीवर घेतलं की माणूस कधी कधी माजघरात शिरतं, ते असं.

देओलिंदाची आई दूर खेड्यात वारली. दफनाला आणि नऊ दिवसांच्या जपाला ती गेली, आणि टेबल कुमाच्या भरवशावर ठेवून गेली. त्या दिवसांत वीटभट्टीकडची एक कोवळी पोर अंगावरच्या बाळासाठी काढा मागायला आली. पोलिकार्पा शेजारणीशी गप्पांत रंगली होती. हात लांबवला, लागली ती बाटली दिली. दोरा लाल होता.

बाळ दूध ओढेना, मान टाकू लागलं. राजधानीला नेलं, बरेच दिवस नळ्या लावून ठेवलं. वाचलं, देवाची कृपा. पण बाळाची आई परत आली ती भावाला घेऊन, आणि तोवर देओलिंदाही परतलेली, काळ्या कपड्यांत फाटकाशी उभी. भावाने टेबल उलथलं. बाटल्या फुटल्या, जळक्या साखरेचा चिकट ओघळ थेट फाटकाबाहेर गेला. सगळा बाजार पोलिकार्पाकडे बघत होता, कारण बाटली तिनेच दिली होती.

पोलिकार्पाने रुमालाला हात पुसले आणि म्हणाली, "मी पांढराच दोरा दिला. आत काय भरलं होतं ते भरणारीलाच ठाऊक."

बस. एवढंच वाक्य. बाजाराच्या मंडळाने देओलिंदाची फाटकाची जागा काढून घेतली आणि महिना उलटायच्या आत तिथे पोलिकार्पाचं टेबल लागलं. तिच्याही बाटल्यांना दोरे होते, निर्लज्जपणे लाल आणि पांढरेच.

त्या दिवशी देओलिंदाने बसथांब्याच्या पत्र्याखाली उखळ मांडलं आणि शेजारच्या एस्कोलास्तिकाला, म्हणजे मांसाच्या दुकानातल्या बाईला, मोठ्याने सांगितलं, "ऐकून ठेव. ही बया त्याच फाटकाशी, सगळ्या बाजारासमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणेल की लाल दोरा मी दिला. ते ऐकल्याशिवाय मी मरत नाही. यमाला सांग, रांगेत उभा राहा म्हणावं."

"अगं, यम काय माझ्या दुकानात येतो होय?" एस्कोलास्तिका म्हणाली.

"तुझ्या दुकानातलं मांस बघून येत असेल एखादे वेळी," देओलिंदा म्हणाली. तोवर तिला विनोद सुचत होता.

पण सूड उगवायचा कशाने? देओलिंदाकडे ना पैसा, ना वशिला, ना दांडगा भाऊ. तिच्याकडे पोलिकार्पाची एकच वस्तू होती, ती म्हणजे धर्माचा लेक, आर्सेनियो.

आमच्याकडे धर्मआई दिसली की पोराने दोन्ही हात छातीशी जोडायचे आणि आशीर्वाद मागायचा. तिने हवेत क्रूस काढून तो द्यायचा. न मागता दिलेला आशीर्वाद लागत नाही, आणि मागितलेला नाकारायचा नसतो. शत्रूच्या पोराला नाही, चोराच्या पोरालाही नाही. आर्सेनियो तेव्हा शाळेत जाणारा, पुढचे दात पडलेला. रस्ता ओलांडून तो नेहमीसारखा आला, हात जोडले, म्हणाला, "आशीर्वाद, धर्मआई."

देओलिंदा पुदिना कुटत राहिली.

पोराला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाला. मुसळ खाली, मुसळ वर. बसची वाट पाहणारी माणसं बघू लागली. फाटकाशी पोलिकार्पाचा चेहरा पांढरा पडला. ते देओलिंदाने पाहिलं, आणि तिला इतका गारवा वाटला की तो पुढे कशानेच वाटला नाही. पोर कितीतरी वेळ तसंच उभं होतं. मग जोडलेले हात तसेच ठेवून परत गेलं, जणू सोडायचे कसे ते त्याला कळत नव्हतं.

त्यानंतर तो येतच राहिला. रविवारी प्रार्थनेनंतर, चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत, मिसरूड फुटल्यावर, सैन्यातून सुटीवर आल्यावर. दर वेळी हात जोडायचा, दर वेळी मुसळ चालू राहायचं. परदेशी, ब्यूनोस आयर्सला, बांधकामावर निघाला तेव्हा बस तिच्याच थांब्यावरून सुटत होती. बॅग खाली ठेवून त्याने हात जोडले. देओलिंदाने पाठ फिरवून पाण्याची बादली भरायला घेतली. फाटकाशी पोलिकार्पा हुंदके देऊन रडली, आणि लेक गेला म्हणून ती रडते की बिनआशीर्वादाचा गेला म्हणून, ह्याचा देओलिंदाने आठवडाभर चवीने विचार केला.

एका गोष्टीचं मात्र तिला कोडं होतं. बाजाराच्या गप्पा जुन्या झाल्या, वीटभट्टीकडचं ते बाळ मोठं होऊन फुटबॉल खेळू लागलं, तरी तिच्याकडे पोरं येईनात. मोठी माणसं यायची. थंडगार तेरेरे, म्हणजे नळीने ओढायचं आमचं पाल्याचं पेय, त्यात टाकायला पुदिना, पोटदुखीला पाला, मुतखड्याला मुळी, सगळं घेऊन जायची. पण टेबलाच्या कडेवर बसवायला कोणी पोर आणलं नाही. बडीशेपेच्या काड्या ती रोज आणायची आणि रोज संध्याकाळी बकरीला घालायची. "त्या एका वाक्याने माझा हातगुण खाल्ला," ती म्हणायची. एस्कोलास्तिका त्यावर सुरीला धार लावत बसायची.

वर्षं गेली. दोघींचे केस पिकले, पोलिकार्पाचे गुडघे गेले. आणि एका जुलैत, ऐन थंडीत, आर्सेनियो परत आला. आता त्याच्या कपाळावर टक्कल, कानाशी पांढरे केस, आणि हाताला धरून एक मुलगी, यानिना. त्याच्या बायकोला तिकडचं काम सुटत नव्हतं आणि इथे आईला उठवत-बसवत नव्हतं, म्हणून तो पोरीला घेऊन आला होता. बसमधून उतरला तो थेट देओलिंदाच्या टेबलासमोर. पोरीचा हात सोडून त्याने हात जोडले. देओलिंदाने उखळात डोकं घातलं. मुलगी विचारत होती, "पप्पा, ह्या आजीला ऐकू येत नाही का?"

आठवडा झाला नाही तोच यानिनाला सर्दी झाली आणि खोकला धरला.

आता मजा बघा. पोलिकार्पाचं टेबल खोकल्याच्या बाटल्यांनी भरलेलं, वर पाटी, आणि पाटीखाली नात बसून खों खों करतेय! गिऱ्हाइकाने बाटली उचलावी आणि पोरीने खोकावं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा भर बाजारात उघडा पडला.

"दोन्या पोलिकार्पा, हाच काढा पाजताय का तिला?" एका बाईने विचारलं.

"हाच की."

"मग राहू दे," बाई म्हणाली आणि बाटली खाली ठेवली.

पलीकडून देओलिंदाने ते ऐकलं आणि एस्कोलास्तिकाला फुकट ओवा दिला. पोरीच्या प्रत्येक खोकल्याला ती मनात टाळी वाजवत होती. आरोग्यकेंद्रातल्या नर्सने सांगितलं होतं की छाती स्वच्छ आहे, ताप नाही, सर्दीच आहे, जपा म्हणजे जाईल. म्हणजे जिवाला धोका नव्हता, आणि आनंद बिनघोर लुटता येत होता.

शिवाय देओलिंदाला आणखी एक गोष्ट दिसत होती, जी पोलिकार्पाला दिसत नव्हती. पोलिकार्पा सकाळी पोरीला गरमागरम काढा पाजायची आणि गिऱ्हाइकांत गुंतायची. पोर तिची नजर चुकवून पटकन फाटकाबाहेर, हमालांच्या घोळक्यात. हमालांचं तेरेरे चाललेलं, थर्मासात बर्फ, शिंगाच्या पेल्यात पाला, आणि नळी हातोहात फिरतेय. पोरगी गोड, परदेशी बोलीत बोलते, म्हणून हमाल कौतुकाने नळी तिच्यापुढे करायचे आणि ती डोळे मिटून बर्फाचं पाणी ओढायची. आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं की पोटात गरम औषध असताना वर गार पाणी ओतायचं नाही, नाहीतर आजार घर करून बसतो. ती तिकडे वाढलेली. तिला कोण सांगणार? हमालांना काढ्याचा पत्ता नव्हता, आणि आजीला नळीचा.

आणि त्या पेल्यातला पुदिना हमाल देओलिंदाकडून न्यायचे. ती स्वतःच्या हाताने कुटून द्यायची, आणि नंतर मुसळावर हात ठेवून, यानिना नळीशी येण्याची वाट बघायची.

सांगायला काय लागत होतं? रस्त्यावरून नुसती हाक. एकदा हाक तोंडाशी आलीही. पोरगी खोकताना वाकून गुडघ्यांवर हात टेकायची, अगदी लहानपणीच्या आर्सेनियोसारखी. देओलिंदाने ओठ उघडले, तेवढ्यात पोलिकार्पाने मोठ्या आवाजात "खोकल्याचा अस्सल काढा!" अशी आरोळी दिली. देओलिंदाने ओठ मिटले. भोग म्हणावं.

जुलै संपत आला तेव्हा आर्सेनियो रस्ता ओलांडून आला. ह्या वेळी हात जोडले नाहीत, टोपी काढली.

"धर्मआई, पोरीला एकदा बघा. आईच्या काढ्याने उतार नाही. लोक म्हणतात, लहान पोरांचा खोकला ह्या गावात तुमच्याइतका कोणाला कळत नव्हता."

"कळत नव्हता? म्हणजे मी मेले?"

"तसं नाही हो."

"तुझ्या आईला ठाऊक आहे, तू इथे आलायस ते?"

"तिनेच पाठवलंय."

देओलिंदाच्या हातातलं मुसळ थांबलं. इतक्या वर्षांत आर्सेनियोने ते पहिल्यांदाच थांबलेलं पाहिलं.

"मग ऐक. परवा ऑगस्टची पहिली. अख्खं गाव सकाळी सतापीचं दारूपाणी प्यायला बाजारात येईल. तुझ्या आईने फाटकाशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, की वीटभट्टीवाल्या पोरीला लाल दोऱ्याची बाटली मी दिली. मग मी तुझ्या लेकीला बघेन."

"तिचे गुडघे... तिला उभं राहवत नाही, धर्मआई."

"खोटं बोलताना राहवलं होतं."

आर्सेनियोने टोपी हातात फिरवली. "आणि नाही आली तर?"

"तर खोकू दे."

हे ती बोलली, आणि एस्कोलास्तिकाने सुरी खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

ऑगस्टची पहिली म्हणजे आमच्याकडे उपाशीपोटी उसाची दारू, त्यात सताप आणि लिंबू, घोट घोट प्यायची. ऑगस्ट महिना म्हाताऱ्यांना आणि हडकुळ्या गाईंना नेतो, त्याला असा घोट दाखवून हाकलायचं. भल्या सकाळपासून बाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका-पुरुष पेले उंचावत होते, गाल लाल झाले होते, पाद्रीबाबाही "औषध म्हणून" दुसरा पेला घेत होते. देओलिंदाने ठेवणीतला काळा झगा घातला होता, आईच्या दफनाला घातलेला तोच. बाटलीत भरलेला काढा टोपलीत घेऊन ती रस्ता ओलांडून फाटकाशी आली. तिकडे तिने वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं. गर्दी आपोआप बाजूला झाली.

पोलिकार्पा लेकाच्या खांद्याला धरून उभी राहिली. तिने देओलिंदाकडे पाहिलं नाही, गर्दीकडे पाहिलं.

"ऐका," ती म्हणाली. "ते वीटभट्टीकडचं बाळ. बाटली मी दिली होती. दोरा लाल होता. मी बोलत बसले होते, मी पाहिलं नाही. कुमाने काही चुकीचं भरलं नव्हतं. मी खोटं बोलले, कारण माझं पोर लहान होतं आणि मला भीती वाटली. आणि मग... ही जागा मिळाली."

देओलिंदा डोळे मिटून वाट बघत राहिली. आता आरडाओरडा होईल, आता कोणीतरी थुंकेल, ते टेबल उलथेल, बाटल्या फुटतील. तिने हे इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की कोणती बाटली आधी फुटेल तेही ठरलेलं होतं.

काहीच झालं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "हात्तिच्या! एवढंच?" आणि पेले पुन्हा वाजू लागले.

"एवढंच म्हणजे?" देओलिंदा ओरडली.

"अगं, ते ठाऊकच होतं की सगळ्यांना," एस्कोलास्तिका म्हणाली. "पोलिकार्पाच्या जिभेला हाड नाही आणि हाताला डोळे नाहीत, हे कोणाला माहीत नाही? वीटभट्टीवालीसुद्धा पुढे म्हणायची, दोरा लालच होता."

सूड हातात आला होता आणि त्याला काही वजनच नव्हतं. मग निदान दुसरा घाव तरी घालावा, म्हणून तिने यानिनाला पुढे ओढलं आणि पोलिकार्पाकडे बोट केलं.

"पाटी लावून बसलीये, आणि घरचं पोर सांभाळता येत नाही! पोरीचा खोकला का जात नाही, सांगू? तू तिला गरम काढा पाजतेस, आणि तुझी पाठ वळली की ती त्या हमालांत जाऊन बर्फाचं पाणी ओढते. वरून गरम, त्यावर गार. रोज! नाकासमोर चाललंय आणि तुला दिसत नाही. मला रस्त्यापलीकडून दिसतं."

पोलिकार्पाने तोंडावर हात ठेवला. हमाल एकमेकांकडे बघू लागले. देओलिंदाला वाटलं, हा बसला घाव.

मग आर्सेनियो हळूच म्हणाला, "रोज दिसत होतं, धर्मआई?"

"रोज! पहिल्या दिवसापासून."

ती बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. मघाशी एवढा कबुलीजबाब झाला तेव्हा न थांबलेले पेले आता थांबले.

"आणि बोलली नाहीस?" एस्कोलास्तिका म्हणाली. "पोर खोकत होतं, तू बघत होतीस, आणि बोलली नाहीस? पुदिना तर तूच कुटून देत होतीस त्यांना."

"हिने माझा हातगुण खाल्ला!" देओलिंदा म्हणाली. "हिच्यामुळे कोणी पोर आणलं नाही माझ्याकडे!"

"हिच्यामुळे?" एस्कोलास्तिकाने मान हलवली. "अगं, हिचं खोटं चार महिन्यांत विरलं असतं. दात पडलेलं पोर हात जोडून तुझ्यासमोर उभं असायचं, आणि तुझा हात उठायचा नाही. सगळा बाजार बघायचा. ज्या हाताने पोराला आशीर्वाद नाकारला, त्या हातचं औषध आपल्या पोराच्या तोंडात कोण घालेल? मी नाही घातलं. माझ्या नातवाला मी शेजारच्या गावी नेत होते. तुला कधी सांगितलं नाही, शेजार होता म्हणून."

देओलिंदाने आजूबाजूला पाहिलं. एकही बाई तिच्या नजरेला नजर देईना. तेव्हा बसथांब्याशी उभं राहून ते बघणाऱ्या ह्याच बायका होत्या, आणि त्यांच्या आया.

पोलिकार्पा आपल्या बाटल्या खोक्यात भरू लागली. "जागा तुझी आहे, कुमा," ती म्हणाली. "घे." तिने टेबल पुसलंसुद्धा.

देओलिंदाने टोपलीतून बाटली काढली. यानिनाला टेबलाच्या कडेवर बसवावं, खोकला ऐकावा, असं तिच्या मनात होतं, पण पोरगी तोवर बापाच्या पायांना बिलगली होती. मग तिने बाटली आर्सेनियोकडे दिली. "दोन दिवस घरात ठेव. कोमट करून दे. गार काही नको. छातीला चरबी चोळ." बोलताना तिचा आवाज जुन्या देओलिंदासारखा झाला होता.

"बरं," आर्सेनियो म्हणाला. त्याने एका हाताने पोरीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात बाटली धरली, आणि वळला.

"आर्सेनियो!"

तो थांबला.

"माग ना," देओलिंदा म्हणाली. तिचा उजवा हात वर आला होता, बोटं क्रूस काढायला जुळलेली, जळक्या साखरेने तपकिरी झालेली. "माग आता. देते मी."

आर्सेनियोने तिच्या हाताकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात नको असलेल्या वस्तूकडे माणूस जसं सभ्यपणे पाहतो, तसं.

"हात मोकळे नाहीत, धर्मआई," तो म्हणाला. पोरीला त्याने कडेवर नीट सावरलं, आईला हळू चालायला सांगितलं, आणि तिघंही रस्ता ओलांडून गेली. पोरीचा खोकला बसथांब्यापर्यंत ऐकू येत होता.

देओलिंदा फाटकाशी उभी होती, आपल्या आईच्या जागेवर, हात तसाच वर. समोर बसथांब्याच्या पत्र्याखाली तिचं उखळ एकटंच दिसत होतं. गर्दी तिला वळसा घालून आत जात होती. शेवटी एक तरुण बाई तिच्यासमोर थांबली. तिच्या पाठीवर बांधलेलं पोर शेंबूड ओढत होतं. देओलिंदाने हात चटकन खाली घेतला, झग्याला पुसला, आणि बडीशेपेची काडी शोधायला खिशात घातला.

"ये, बस. कधीपासून आहे ह्याला?"

बाई पाठीवरच्या पोरासकट एक पाऊल मागे सरली. "नाही नाही, ह्याच्यासाठी नको," ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या तेरेरेत टाकायला थोडा पुदिना द्या."